मांजराची माती आणि माणसाची फरशी

घरातल्या मांजराने शी-शूसाठी वापरावी म्हणून वाळू, माती किंवा तसलेच काही भरड पसरून ठेवलेली उथळ पेटी म्हणजे लिटर बॉक्स. त्यात पसरायच्या भरडाला लिटर म्हणतात. या दोन्ही वस्तूंना मराठीत रुळलेला शब्द नाही, कारण एका पिढीमागेपर्यंत मराठी घरांना त्यांची गरजच पडत नव्हती. मांजर घरचे असले तरी त्याचा हा व्यवहार घराबाहेर चाले. परसातला उकिरडा, चुलीतून काढून टाकलेल्या राखेचा ढीग, वाफ्यातली भुसभुशीत माती किंवा कुणीतरी बांधकामासाठी आणून टाकलेली वाळू यांपैकी काही ना काही त्याला सापडत असे, आणि ते कुठे जाऊन येते याची चौकशी घरात कोणी करत नसे.

धुळे शहरातून पांझरा ओलांडली की पलीकडच्या तीरावर लागणाऱ्या देवपुरात आज ही सोय आपोआप होईल अशी स्थिती राहिलेली नाही. धुळे नगरपालिकेची 2003 मध्ये महानगरपालिका झाली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही नदीपलीकडे कॉलन्या वाढत गेल्या, आणि खानदेशातल्या इतर शहरांप्रमाणे इथेही नव्या घराच्या अंगणाला माती ठेवण्यापेक्षा फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवण्याची पद्धत पडली. घर झाडायला आणि धुवायला यामुळे सोपे झाले असले, तरी मांजराच्या दृष्टीने अशा घराच्या कुंपणाच्या आत उकरण्याजोगी वीतभर जागा उरली नाही. अशा घरात जिन्याखाली सापडलेले किंवा ओळखीच्यांकडून आणलेले मांजर राहू लागते, दोन दिवस पेटीकडे ढुंकून पाहत नाही आणि तिसऱ्या दिवशी गोधडीवर लघवी करते, तेव्हा घरातले लोक त्याला घाणेरडे किंवा डूख धरणारे ठरवून मोकळे होतात. मांजराच्या वागण्याचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांना या दोन्ही विशेषणांत तथ्य दिसत नाही. पेटीबाहेर झालेल्या लघवीला शरीराचे दुखणे, भरडाबद्दलची नावड, जागेबद्दलची भीती किंवा हद्दीची खूण यांपैकी एखादे कारण असते, आणि ते शोधण्याचे काम माणसाचे असते.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. त्याचे शास्त्रीय नाव फेलिस लिबिका. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा मिळालेला आहे, यावरून ही सोबत किती जुनी आहे याचा अंदाज येतो. भुसभुशीत जमीन पंजाने उकरणे, त्यात मलमूत्र सोडणे आणि वरून माती ओढणे हा क्रम मांजर त्या कोरड्या भूमीतूनच घेऊन आलेले आहे. जन्मल्यापासून सुमारे तीन आठवडे पिलाला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, त्याला चाटते आणि त्या स्पर्शाने ती क्रिया घडते. त्यानंतर पिलू आपण होऊन मऊ जागा उकरू लागते, आणि पुढच्या काही आठवड्यांत पंजाखाली जे येईल तीच आपली योग्य जागा अशी त्याची समजूत पक्की होत जाते. उकरण्याची ओढ उपजत असली, तरी काय उकरायचे याची आवड सवयीने घडते, आणि दत्तक मांजराच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा एवढ्या एका भेदात होतो. वाळूच्या ढिगावर वाढलेल्या मांजरापुढे सुगंधी लिटरचे जाडेभरडे खडे ठेवले, तर ते खडे याच कामासाठी आहेत हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

बाजारातल्या लिटरचा जन्मही एका वाळूच्या ढिगापासूनच झालेला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1947 च्या हिवाळ्यात एका बाईंचा मांजरासाठीचा वाळूचा ढीग थंडीने गोठला आणि राख वापरली तर मांजराच्या पावलांनी घरभर काळे ठसे उमटू लागले, तेव्हा एड लो नावाच्या शेजाऱ्याने त्यांना कारखान्यात सांडलेले तेल शोषून घेण्यासाठी विकली जाणारी दाणेदार माती दिली. ती माती म्हणजे भारतीय घरांत चेहऱ्याला लावली जाणारी मुलतानी मातीच, फक्त भाजून दाणेदार केलेली. पुढे 1984 मध्ये टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट या मातीचा उपयोग शोधला. ही माती ओल लागताच फुगते आणि तिचा गोळा बनतो, त्यामुळे लघवीचा तेवढाच गोळा चाळणीच्या पळीने उचलता येतो आणि बाकीचे लिटर कोरडे राहते. भारतात बेंटोनाइट कच्छ आणि राजस्थानात निघते. पण त्याचा गुणधर्म खानदेशी शेतकऱ्याला परका नाही. बेंटोनाइटमधला मुख्य घटक माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते, आणि पावसात फुगून चैत्र-वैशाखात हातभर भेगा पाडणाऱ्या काळ्या कपाशीच्या जमिनीचा स्वभावही याच गटातल्या खनिजांनी घडवलेला आहे. नुसती काळी माती पेटीत टाकली, तर ती ओली होऊन मांजराच्या पंजांना लिंपून बसते आणि शेवटी त्याच फरशीवर उतरते, हा भाग वेगळा.

तेव्हा रस्त्यावरून किंवा बांधकामावरून आलेल्या मांजरासाठी पहिल्या पेटीत महागडे लिटर घालण्यापेक्षा चाळलेली बारीक वाळू किंवा वाळू आणि माती यांचे मिश्रण घालणे शहाणपणाचे ठरते. वाळू जड असते, ओल फारशी धरत नाही आणि तिचा वास लवकर येतो, म्हणून ती कायमची सोय होऊ शकत नाही. पण मांजराला पेटीची ओळख पटवून देण्यासाठी तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. मांजर आठवडाभर न चुकता पेटीत जाऊ लागले की वाळूच्या एक चतुर्थांश इतके बारीक दाण्याचे, बिनवासाचे लिटर मिसळावे, तीन-चार दिवसांनी ते प्रमाण वाढवावे, आणि मधेच मांजराने पेटी सोडली तर मुकाट्याने एक पायरी मागे यावे. वखारीतला लाकडाचा भुसा ओल चांगली शोषतो आणि अनेक मांजरांना चालतो, मात्र तो केसांना चिकटून घरभर पसरतो आणि प्लायवूडचा असेल तर त्यात रसायने असतात. भरड कोणतेही असो, त्याचा थर तीन ते पाच सेंटिमीटरचा पुरतो. अगदी लहान पिले भरड चाटून किंवा खाऊन पाहतात, त्यामुळे गोळा होणारे बेंटोनाइट ती मोठी होईपर्यंत टाळलेले बरे.

सुगंधी लिटरबद्दल स्पष्टच म्हणायला हवे की ते माणसाच्या नाकासाठी बनवलेले आहे आणि त्याची किंमत मांजर भोगते. मांजराचे नाक माणसाच्या नाकाहून कितीतरी तीक्ष्ण असते. गुलाबाचा किंवा लिंबाचा जो दरवळ माणसाला पुसट वाटतो, तो हातभर जागेत मांजराला असह्य होऊ शकतो. पेटीचा वास येऊ नये याचा खरा उपाय म्हणजे ती दिवसातून दोनदा उपसणे आणि ठरावीक दिवसांनी रिकामी करून साध्या साबणाने धुणे. त्याला पर्याय शोधण्यात बाजाराने बरीच कल्पकता खर्च केली आहे. झाकणाची पेटी हा त्यातलाच एक प्रकार: काही मांजरांना ती चालते, परंतु झाकणामुळे वास आत कोंडतो, आणि दिसत नाही म्हणून माणूस ती उपसायला विसरतो.

पेटीचा आकार हा दुर्लक्षित राहणारा आणि सर्वांत सोपा प्रश्न आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी भरेल तिच्या दीडपट पेटी असावी असा संकेत आहे. म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरच्या मांजराला सुमारे सत्तर सेंटिमीटरची जागा हवी. अनेक घरांत पेटी म्हणून वापरले जाणारे गवंड्याचे घमेले पिलाला पुरते, पण तेच पिलू आठ-दहा महिन्यांचे झाले की चारही पाय घमेल्यात आणि बूड बाहेर अशा अवस्थेत बसते, लघवी काठावरून ओघळते आणि दोष मांजरावर येतो. कपडे ठेवण्याचा मोठा प्लास्टिकचा टब घेऊन त्याची एक बाजू मांजराला सहज पाय टाकता येईल इतकी खाली कापली, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या बहुतेक पेट्यांपेक्षा ती सोय चांगली होते. पेट्यांची संख्या मांजरांच्या संख्येहून एकने अधिक असावी असेही सांगितले जाते. मात्र शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पेट्या मांजराच्या हिशेबी एकच ठरतात, त्यामुळे त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्या लागतात.

जागा निवडताना खानदेशाचे हवामान विसरून चालत नाही. पेटी घरात नको म्हणून ती गच्चीवर ठेवण्याची प्रथा दिवाळीपासून होळीपर्यंत निभते; पण मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेला की दुपारी गच्चीवरच्या वाळूत पंजा ठेवणे मांजराला शक्य नसते, आणि एकदा पाय पोळलेले मांजर संध्याकाळी वाळू निवाल्यावरही तिच्याकडे फिरकत नाही. घरात त्याच दिवसांत कूलर सुरू झालेला असतो. कूलर, धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटर यांच्याजवळची जागा म्हणूनच टाळावी, कारण बसलेल्या अवस्थेत अचानक आवाज झाला की मांजर त्या आवाजाचे नाते यंत्राशी न जोडता पेटीशी जोडते. जेवणाच्या ताटलीपासून पेटी लांब असावी. मोरीचा कोपरा सोयीचा वाटतो, परंतु तिथे पाणी उडून भरड ओले होते. रहदारी नसलेला, कोरडा, जिथून दोन बाजूंनी निघून जाता येईल असा कोपरा मांजराला निर्धास्त वाटतो, कारण स्वतः शिकारी असूनही ते कुणाचे तरी भक्ष्य होऊ शकणारे छोटे जनावर आहे आणि बसलेल्या क्षणी आपण असहाय आहोत याचे भान त्याला असते. याच कारणाने नव्या मांजराला पहिल्याच दिवशी अख्खे घर मोकळे करून देऊ नये. काही दिवस एकाच खोलीत पेटी, पाणी, खाणे आणि दडायला एखादे खोके देऊन ठेवावे, आणि त्याचा तिथला क्रम बसला की मग दार उघडावे.

हे सारे नीट असूनही मांजर बाहेरच करत असेल, किंवा पेटी नियमित वापरणारे मांजर अचानक ती सोडून देत असेल, तर आधी पशुवैद्याकडे जावे. मूत्राशयाला सूज आली की लघवी करताना आग होते, आणि ती वेदना पेटीत झाली म्हणून मांजर पेटीलाच दोषी धरून गादी, गोधडी किंवा गार फरशी अशी जागा शोधू लागते. या सुजेचा एक प्रकार असा आहे की त्यात जंतू सापडत नाहीत आणि खडाही सापडत नाही. त्यामागे मानसिक ताणाचा मोठा वाटा असतो असे संशोधकांचे मत आहे, आणि नवे घर, नवी माणसे, दिवाळीचे फटाके हे सारे मांजराच्या लेखी ताणच असतात. कोरडे खाणे आणि कमी पाणी यांनी लघवी दाट होऊन त्रास वाढतो, म्हणून उन्हाळ्यात घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत माठातले ताजे पाणी ठेवावे. बोक्याच्या, म्हणजे नराच्या, बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: त्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती तुंबू शकते. बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन जोर करत असेल, ओरडत असेल, आपले अंग सतत चाटत असेल आणि भरड कोरडेच राहत असेल, तर त्याला बद्धकोष्ठ झाले आहे असे समजून तेल किंवा दूध पाजत बसू नये. लघवी अडलेला बोका दोन-तीन दिवसांत मरू शकतो. त्याला त्याच दिवशी, रात्र असली तरी, उपचार मिळावे लागतात.

दुखणे नसताना होणारी एक वेगळी क्रिया म्हणजे फवारणी. खानदेशात हा शब्द ऐकला की पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरलेला माणूस आठवतो, पण बोक्याची फवारणी हद्द आखण्यासाठी असते: तो उभ्यानेच भिंतीकडे किंवा दाराकडे पाठ करतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि मागच्या मागे लघवीची छोटी पिचकारी मारतो. खाली बसून केलेले थारोळे आणि उभ्या पृष्ठभागावरचा ओघळ यांतला हा फरक ओळखता आला की उपाय वेगळा आहे हेही कळते, कारण फवारणी करणाऱ्या बोक्याला पेटीबद्दल काहीच तक्रार नसते. निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेने दहापैकी सुमारे नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा बरीच कमी होते. उरलेल्यांना बहुधा खिडकीबाहेर दिसणारा गल्लीतला दुसरा बोका अस्वस्थ करत असतो, आणि त्या खिडकीला खालून पडदा लावणे एवढाही उपाय कधी कधी पुरतो.

यानंतर प्रश्न येतो तो झालेली लघवी पुसण्याचा, आणि मराठी घराची सर्वांत मोठी चूक इथे होते. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. ते विघटित होऊ लागले की तो ओळखीचा उग्र वास सुटतो. नराचे निर्बीजीकरण झालेले नसेल तर फेलिनिनचे प्रमाण अधिक असते. शहाबादी फरशीच्या सांध्यांत किंवा गादीच्या कापसात मुरलेला हा वास माणसाला येईनासा झाला तरी मांजराला येत राहतो, आणि ही जागा ठरलेली आहे असे त्याला सांगत राहतो. त्यावर उतारा म्हणून फिनाईल ओतले जाते. आता, फिनॉल वर्गातली द्रव्ये निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी रासायनिक यंत्रणा लागते ती मांजरात फार दुबळी असते. काळ्या फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालते, मग सवयीप्रमाणे पंजे चाटते, आणि माणसाच्या दृष्टीने जी स्वच्छता झाली ती त्याच्या पोटात विष म्हणून जाते. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी बाटलीतली जंतुनाशके आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या यांच्यापासूनही मांजराला धोका असतो. मांजराला ताप आला म्हणून आपल्याकडची पॅरासिटामॉल देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण यकृताच्या याच उणिवेमुळे एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

साफसफाईची बरी रीत साधी आहे. लघवी आधी जुन्या कापडाने दाबून टिपावी, मग एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीचे साधारण एकास नऊ पाणी घालून केलेले द्रावण त्या जागी मुरू द्यावे, साध्या पाण्याने पुसून घ्यावे आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. एन्झाइम म्हणजे सेंद्रिय द्रव्ये तोडणारी विकरे. फिनाईल वास नुसता झाकते, विकरे वासाच्या मुळाशी काम करतात. अमोनियाचा वास असलेली द्रावणे उलट परिणाम करतात, कारण शिळ्या लघवीलाही अमोनियाचाच वास असतो. ब्लीचही वापरू नये. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की घातक वायू निघतो. पेटीतला मैला संडासात न टाकता पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्यावा. घरात गर्भवती स्त्री असेल तर पेटी उपसण्याचे काम दुसऱ्याने करावे. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो. विष्ठा बाहेर पडल्यानंतर संसर्गक्षम व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोज उपसलेल्या पेटीपासूनचा धोका बराच कमी होतो आणि तेवढ्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याचे कारण उरत नाही.

राहता राहिली शिक्षा. शीमध्ये नाक घासले की मांजर सुधारते हा समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, आणि तो तितकाच निरुपयोगी आहे. काही मिनिटांपूर्वीची कृती आणि आत्ताचा मार यांची सांगड मांजराला घालता येत नाही. त्याला एवढेच कळते की या माणसासमोर बसणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली किंवा कपाटामागे, माणसाची नजर पोहोचणार नाही अशी जागा धरते. त्यातून घरच्यांचा संताप वाढतो आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी जे होते तेच होते: मांजर गोणीत घालून नदीपलीकडे सोडले जाते. धुळ्यातले देवपुरात आणि देवपुरातले धुळ्यात, एवढाच काय तो फरक. पलीकडची प्रत्येक गल्ली आधीच कुठल्या ना कुठल्या बोक्याची असते आणि घरात वाढलेल्या मांजराला तिथे ना खाणे सापडते ना आसरा. ज्यांना खरोखरच निभावणे शक्य नाही त्यांनी मांजर ज्याच्याकडून आणले त्याला परत करावे किंवा त्याच्यासाठी दुसरे घर पाहावे. उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे.